मैदानाकडे पाठ

दिवाळी होऊन आठवडा-दोन आठवडे उलटले की साताऱ्याच्या सर्व्हिस रोडवर एखाद्या सकाळी सगळं थांबतं. रिक्षावाले हॉर्न वाजवून दमतात, एसटीचा कंडक्टर दार उघडून पायरीवर येऊन उभा राहतो, आणि मधून मेंढ्या जात राहतात. आटपाडीकडून, माणदेशातून निघालेल्या, कोकणात उतरायला चाललेल्या. पुढे खांद्यावर काठी आडवी टाकलेला माणूस, मागे घोड्याच्या पाठीवर भांडी, घोंगडी, दोन कोंबड्या. ऑफिसला उशीर होतो, पण त्या दिवशी कुणी फारसं चिडत नाही.

काल मीही स्कूटर बंद करून थांबले होते. एक मेंढी बिचकून कळपातून सुटली आणि दुभाजकाकडे धावली. तिच्यामागे हिरव्या लुगड्यातली एक बाई गेली. मेंढीच्या डोक्याकडे तिनं बघितलंच नाही. बाजूनं वाकली, मागच्या पायाच्या लवणीत, गुडघ्यामागच्या खळग्यात, हात घातला, आणि मेंढी जागच्या जागी उभी राहिली. शेजारचा मोटरसायकलवाला कौतुकानं म्हणाला, "कसली पकड हाय बघा!" मी मान हलवली. अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही. पण ही पकड मला ठाऊक होती. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या मामाचं सगळं आयुष्य या एका पकडीपाशी येऊन अडलं होतं.

सदामामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ, कबड्डी खेळायचा. खेळायचा म्हणजे तेच त्याचं पोटपाणी होतं. संघात त्याची जागा डाव्या कोपऱ्याची. समोरून चढाईला आलेल्या खेळाडूचा पाय क्षणभर मागे रेंगाळला की खाली झेपावून घोटा धरायचा, आणि मग काहीही झालं तरी सोडायचा नाही. एवढंच काम. ते त्यानं सतरा वर्षं केलं. आधी आटपाडीच्या मातीत, मग मुंबईत एका कंपनीच्या संघातून, आणि शेवटची तीन वर्षं टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमध्ये, रंगीत मॅटवर, पाठीवर आडनाव छापलेली जर्सी घालून. त्या दिवसांत आमच्या घरी संध्याकाळची कामं सामन्याच्या वेळेप्रमाणे सरकायची. पपा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एरवी घरात त्यांचा आवाज मोजका, पण सामना लागला की टीव्हीसमोर उभे राहून ओरडायचे, "सदा, छोडना नहीं!" मग टीव्हीवाले तीच पकड पुन्हा हळू करून दाखवायचे, आणि घोट्याभोवती मिटत जाणारी मामाची बोटं मला एकेक करून मोजता यायची.

मग एका सामन्यात तीन माणसांच्या ढिगाखाली त्याचा डावा गुडघा आला. ऑपरेशन झालं. पुढचा हंगाम तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला. त्याच्या पुढच्या हंगामात फोनच आला नाही. त्याला कुणी निवृत्त केलं नव्हतं. नुसते फोन यायचे थांबले.

तो आटपाडीला परत आला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. गावातल्या शाळेच्या हेडसरांनी त्याला मुलींचा संघ दिला, पण एका वर्षाच्या बोलीवर. संघ सांगली जिल्ह्यात पहिला आला तर पुढे त्यालाच ठेवणार, नाहीतर राम राम. दुसरीकडे पपांनी शिरवळच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी सुरक्षारक्षकांवरच्या सुपरवायझरची जागा बघून ठेवली होती. संक्रांत झाली की रुजू व्हायचं. "वर्दी आहे, पीएफ आहे, क्वार्टर आहे," पपा म्हणायचे. "पोरींमागं शिट्टी वाजवत किती दिवस फिरणार?" मामा फोनवर हो हो म्हणायचा. मैदान सुटलं तर तो गेटवर उभा राहील, गाड्यांचे नंबर बघेल, सलाम करेल, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. म्हणून तो त्याविषयी बोलत नसे.

मी त्यात ओढली गेले ती एका नियमामुळे. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर एक बाई लागते. शाळेच्या खेळाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मी बी. कॉम. होऊन साताऱ्यात घरी बसले होते. नोकरीच्या दोन मुलाखती झाल्या होत्या, आणि दोन्हींत मी पाणी पिण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. आईनं परस्पर ठरवून टाकलं, की सई आटपाडीला जाईल. तिथं मुली मला म्याडम म्हणू लागल्या. माझं मराठी इंग्रजी शाळेतलं. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास ऐकले की मी आजही मनातल्या मनात थांबते. पहिल्याच दिवशी एकीनं मला विचारलं, "म्याडम, तुमी बोलत न्हाई का आमच्याशी बोलत न्हाई?"

आटपाडीचा हिवाळा कोरडा असतो. ओठ फुटतात, टाचा फुटतात, सकाळी सहाला मैदानावर शिंपलेलं पाणी पाच मिनिटांत माती पिऊन टाकते. पलीकडच्या डाळिंबाच्या बागेतून फवारणीचा उग्र वास यायचा. मुली स्वेटर घालूनच पळायला लागायच्या आणि तिसऱ्या फेरीला ते स्वेटर कुंपणाच्या तारेवर फेकत जायच्या. त्या तारेवरून मला थंडी किती ते कळायचं. आणि या सगळ्यावर मामाचा आवाज: "घोटा! अगं घोटा धर, घोटा!" गावात दळणाला निघालेल्या बायकासुद्धा मला ओळखायच्या त्या "घोटावाल्या सरांची भाची" म्हणून.

संघातली डावा कोपरा होती कोमल. अकरावीत शिकणारी, बुटकी, खांद्यांनी रुंद, बोलायला फटकळ. तिचे आईवडील मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले असायचे. ही शाळेसाठी भावजयीपाशी राहायची, आणि आईबापांना रेंज मिळाली की तिचा फोन वाजायचा. मग मामाची शिट्टी वाजो नाहीतर न वाजो, ती आधी फोन घ्यायची. तिच्यात मामाला स्वतःचा कोपरा दिसत होता. म्हणूनच तो तिच्यावर सगळ्यांत जास्त ओरडायचा.

"कोमल, कुठं धरलंस आत्ता?"

"पाय धरला की सर."

"पाय लय लांब असतोय. पायात कुठं?"

"लवणीत." ती गुडघ्याच्या मागे बोट लावून दाखवायची.

"आन् मी काय सांगितलंय?"

"घोटा. पर हात आपसूक तिथंच जातोय, सर. मेंढरू तसंच धरत्यात."

"समोर मेंढरं येत्यात व्हय गं?"

मागून कुणीतरी बँ करायचं. सगळ्या हसायच्या, कोमल सर्वांत मोठ्यानं. मामा हसायचा नाही. घोट्यानं त्याला मुंबई दाखवली होती, टीव्ही दाखवला होता. त्याच्यापाशी देण्यासारखं जे होतं ते तेवढंच होतं, आणि ते तो रोज सकाळी पुन्हापुन्हा देत होता.

विट्याच्या निमंत्रित स्पर्धेतल्या एका सामन्यात ती गोष्ट घडली. शेवटचं मिनिट, दोन्हीकडे सारखे गुण. समोरची मुलगी चढाईला आली, डाव्या कोपऱ्याकडे वळली, तिचा पाय मागे राहिला. मी बाकावर बसून बघत होते, म्हणून मी सांगू शकते, की मामानं काही ठरवून केलं नाही. तो रेषेबाहेर उभा होता. मग त्याचा पाय रेषेच्या आत होता, पाठ वाकलेली, दोन्ही हात जमिनीपर्यंत गेलेले, आणि नजर त्या मुलीच्या घोट्यावर. तिच्यापासून तो पाच-सहा फुटांवर होता. शिट्टी वाजली. सगळं मैदान हसलं. प्रशिक्षक आत आल्याबद्दल पंचांनी समोरच्यांना एक गुण दिला, आणि आम्ही त्याच एका गुणानं हरलो.

पंच वयस्क होते, त्यांनी मामाचा खेळ बघितलेला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हळू म्हणाले, "सदाभाऊ, तुमी आता भाईर हाय."

परतीच्या एसटीत कोमल त्याच्यामागच्या सीटवर बसली होती. ती म्हणाली, "सर, तुमी आला नसता तर मी धरली असती." मामा खिडकीबाहेर बघत मला म्हणाला, "सई, मी गेलोच न्हाई गं. पाय गेला."

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी विचारलं, "सदाभाऊ, तुम्ही प्रशिक्षक आहात का आठवा खेळाडू?" त्या वर्षी जिल्ह्याची स्पर्धा संक्रांतीच्या तोंडावर होती, म्हणजे जेमतेम पाच आठवडे हातात. मामानं आधी खुर्चीवर बसून बघितलं. सरावात तीनदा उठला. मग कमरेचा पट्टा खुर्चीला अडकवला. खुर्चीसकट उठला. शेवटी एका सकाळी त्यानं ती प्लास्टिकची खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसला. समोर कुंपण, कुंपणावर स्वेटर, पलीकडे डाळिंबं.

"आवं सर, तिकडं कोण खेळतंय?" कोमलनं विचारलं.

"तुमी खेळा. सई मला सांगंल."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी, पण मैदानाकडे तोंड करून बसले आणि सुरुवात केली. "ती आली. ती गेली."

"कोण आली, कुठं गेली? नीट सांग की गं!"

"लेफ्टला गेली."

"कुणाच्या लेफ्टला?"

हळूहळू मी शिकले. खरं तर मला नवीन काही शिकावं लागलं नाही. न बोलणाऱ्या माणसाला बघायची सवय असते. कुठली मुलगी चढाईला निघताना आधी खांद्यावरचा न‌ दिसणारा पदर सावरते, कुठली घाबरली की नाक ओढते, कुणाचा उजवा पाय थकला आहे, हे मी पहिल्यापासून बघत होते. फक्त ते कुणाला सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. आता एक माणूस डोळे मिटून माझ्या प्रत्येक शब्दाची वाट बघत होता. मी हळू बोलले की तो म्हणायचा, "मोठ्यानं. मला ऐकू येत न्हाई." मी मोठ्यानं बोलायचे. आठवड्याभरात माझा आवाज डाळिंबाच्या बागेपर्यंत जाऊ लागला, आणि बागेतले गडी गुण विचारू लागले.

त्या पाच आठवड्यांत मी मामाला एकच गोष्ट सांगितली नाही. त्याची पाठ फिरल्यापासून कोमल घोटा धरतच नव्हती. समोरची मुलगी आली की ती बाजूनं खाली जायची, हात लवणीत, खांदा मांडीला, आणि समोरची मुलगी कालच्या त्या मेंढीसारखी जागच्या जागी उभी राहायची. मामा विचारायचा, "काय झालं?" मी म्हणायचे, "कोमलनं धरली." कुठं, ते मी सांगत नसे. खोटं मी बोलले नाही, असं मी स्वतःला समजावत होते. आम्ही तालुका जिंकलो. मामा हेडसरांना फोनवर सांगत होता, "घोटा बसला बघा सर पोरीचा. वेळ लागला, पण बसला." तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले होते.

जिल्ह्याचा अंतिम सामना सांगलीत, बंद हॉलमध्ये, मॅटवर. मुलींनी मॅट पहिल्यांदाच बघितली. त्यांनी चपला काढून ती आधी हातानं दाबून पाहिली. मामानं खुर्ची फिरवली तेव्हा हॉलमधले लोक उठून बघू लागले. समोर मिरजेकडच्या एका शाळेचा संघ होता, आणि त्यांच्यात एक उंच, लांब पायांची मुलगी. तिला पहिल्या अर्ध्यात कोमलनं तीनदा धरलं. मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. हेडसर खूश होऊन प्रेक्षकांतून खाली आले आणि हसत म्हणाले, "सदाभाऊ, ही पोरगी काय मेंढरं धरल्यासारखी धरते हो!"

मामानं माझ्याकडे बघितलं. "सई, कुठं धरतीया ती?"

"लवणीत."

"कवापासनं?"

"तू पाठ केल्यापासून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त कोमलला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "उंच रेडर हाय. वर धरलंस तर वढत न्हील रेषेपातूर. घोटा धरायचा. फकस्त घोटा." कोमलनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं सर."

तिनं ऐकलं, हेच वाईट झालं. दुसऱ्या अर्ध्यात ती मुलगी आली, कोमल घोट्यासाठी झेपावली, पाय उचलला गेला, हात मॅटवर. एक गुण. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोमलच्या हातात नुसता मोजा आला. मी सगळं सांगत होते, मोठ्यानं, काहीही न लपवता. शेवटच्या चढाईला आम्ही एकाच गुणानं पुढे होतो आणि आमच्या चार मुली आत उरल्या होत्या. ती उंच मुलगी मध्यरेषेशी येऊन तळवे पुसत होती.

खुर्चीच्या हातावर मामाची बोटं पांढरी पडली होती. मी टीव्हीवर मोजलेली तीच बोटं.

"काय करती?" त्यानं विचारलं.

"कोमल घोट्याकडे बघतेय. ती आज स्वतःसारखी उभीसुद्धा नाहीये, मामा."

"मग मी काय सांगू तिला?"

सतरा वर्षं खेळलेला माणूस मला विचारत होता. संक्रांत उलटली की सोमवारी त्याला शिरवळच्या गेटवर उभं राहायचं होतं की नाही, ते पुढच्या तीस सेकंदांत ठरणार होतं, आणि त्याच्या हातात घोट्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, "तू सांगितलेलं परत घे."

त्यानं मान वळवली नाही. कुंपणाऐवजी समोर हॉलची भिंत होती, तिच्याकडे बघून तो ओरडला, "कोमल! घोटा ऱ्हाऊ दे! तुझ्या हातानं धर!"

शिट्टी झाली. मी बोलत होते. "आली. मधे आहे. उजवीकडे हात टाकला, नाही लागला. आता आपल्या डावीकडे. कोमल मागे गेली. अजून मागे. रेषेला टेकली. त्या मुलीनं पाय पुढे टाकलाय. परत वळली. कोमल गेली खाली."

"कुठं?"

"लवणीत. दोन्ही हात."

"वढती का?"

"ओढतेय. एक पाऊल. दोन. कोमल फरफटतेय पण सोडत नाहीये. बाकीच्या आल्या. पडली, मामा. ती मुलगी मध्यरेषेच्या अलीकडेच पडली."

शिट्टी वाजली तरी तो तसाच बसून होता. मुलींनी येऊन खुर्चीसकट त्याला फिरवलं तेव्हा त्याला पहिल्यांदा मॅट दिसली. तोवर ती रिकामी झाली होती.

हेडसरांनी तिथंच सांगितलं की पुढच्या वर्षाचं पत्र काढतो. मामानं हॉलच्या पायरीवर बसून पपांना फोन लावला. "दाजी, शिरवळला नगं आता. दुसऱ्या कुणाचं तरी बघा तिथं." पलीकडून पपांनी विचारलं, "पकड कुठं झाली?" मामानं सांगितलं, "गुडघ्यामागं." आणि मला पपांचं हसणं ऐकू आलं.

त्या यशाविषयी मी फारसं बोलत नाही. लोकांना माझी गोष्ट ऐकायची असते, की लाजाळू मुलगी कशी बोलायला लागली. मी आजही लाजाळू आहे, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. साताऱ्यात माझी नोकरी आहे, तिथल्या मीटिंगमध्ये मी शेवटी बोलते आणि थोडकंच बोलते, पण मी काय बघितलं ते सांगते. त्या दिवशीचं जिंकणं मला आठवतं. पण त्या हंगामातला माझा दिवस दुसरा आहे.

तो म्हणजे त्यानंतरचा सोमवार. ज्या सकाळी मामा शिरवळला वर्दी घालून उभा असणार होता ती सकाळ. मैदानावर पाणी मारून झालं होतं. मामानं मुलींना गोल उभं केलं, गुडघ्याला पट्टा आवळला, बूट काढले, आणि मध्यरेषेवर जाऊन चढाईपटूसारखा वाकून उभा राहिला. सतरा वर्षांत तो त्या बाजूला फारसा कधी उभा राहिला नव्हता.

"कोमल, ये. धर मला."

"नगं सर. लागंल तुमास्नी."

"लागू दे. ये."

"गुडघा हाय तुमचा..."

"उजवा धर की मग. तो चांगला हाय."

मुली खुसफुसत होत्या. मामा कबड्डी-कबड्डी करत आत गेला, डावीकडे वळला, आणि कोमल खाली गेली. सरांना धरायचं म्हणून तिनं हात आखडता घेतला नाही. मामा ओल्या मातीत पालथा पडला. गालाला माती, दाढीला माती. कोमलनं एक हात तोंडावर नेला. मी दोन पावलं पुढे गेले.

त्यानं पडल्या पडल्या मान वळवून तिच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. तो हात अजून त्याच्या पायापाशीच होता.

"परत," तो म्हणाला. "आता जरा सावकाश धर. हात आदी जातोय का खांदा, ते मला बगू दे."